शेजारचा ब्रेक

"काळजी करू नकोस, काळजी करायला तुझी आई आहे," असं ह्यांच्या आवाजात ते यंत्र म्हणालं आणि छबी हसता हसता रडायला लागली. छबी म्हणजे आमची लेक. चाळिशीला आली तरी घरात छबीच. तिनं पलंगाच्या कठड्यावर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "बाबांचं वाक्य, आई! अगदी बाबांचं वाक्य!" ह्यांच्या डोक्यावर तारांची टोपी बसवायला येणारी मुलगी, जिला मी मनात यंत्रवाली म्हणते, तीसुद्धा डोळे टिपत होती. मेंदूचे डॉक्टर दारात उभे राहून स्वतःच्या लग्नात हसावं तसे हसत होते. माझ्या हातात ह्यांचा पाण्याचा पेला होता. तो मी जपून टेबलावर ठेवला. ते वाक्य ह्यांचं नव्हतं. माझं होतं. छबीच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, ओट्याला टेकून, ओल्या अंगठ्यानं, ह्यांच्या फोनवरून मी ते तिला पाठवलं होतं. जमलं म्हणून स्वतःशीच हसलेही होते आणि मग इतकं आवडलं की वर्षानुवर्षं वापरलं. ह्यांनी ते उभ्या जन्मात तोंडानं उच्चारलं नव्हतं. आणि आता म्हणत होते. म्हणजे हे म्हणत होते का? की मीच म्हणत होते, ह्यांच्या आवाजात? मी "जरा येते" म्हणाले आणि बाहेर व्हरांड्यात बाकावर जाऊन बसले. समोर फरशी पुसणारी बाई पुसत पुसत माझ्या पायांशी आली, मी पाय उचलले, ती पुढं गेली, तरी माझे पाय वरच राहिले.

सुरुवातीपासून सांगते, म्हणजे मलाही संगती लागेल. ह्यांना झटका आला तो उन्हाळ्यात. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. नुसती जीभ गेली असती तर लिहून दाखवलं असतं, पण ह्यांचे शब्दच आत कुठंतरी अडकले. डॉक्टर म्हणाले, कपाट आहे पण दार सापडत नाहीये. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? मान हलवून हो-नाही करायला सांगितलं की हे सगळ्यालाच मान हलवायचे. "दुखतंय का?" हो. "दुखत नाहीये का?" हो. एकदा मीच चिडून विचारलं, "तुम्ही विमान आहात का?" तर त्यालाही हो. मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. डावा हात, डावा पाय चांगले होते, पण सांगून हलायचे नाहीत. डॉक्टर म्हणायचे, "डावा हात वर करा," हे त्यांच्याकडं बघत राहायचे. आणि डॉक्टर वळले की नाकावर बसलेली माशी तोच हात झटकन हाकलायचा. "बघा, बघा," मी ओरडायचे. डॉक्टर शांतपणे सांगायचे, "ते आपसूक होतं. सवयीनं. त्यात त्यांची इच्छा आहे असं नाही म्हणता येत, मॅडम." पण हे वाक्य मला अजून टोचतं. माणसातून सवयी वजा केल्या तर उरतं काय? ह्यांच्यातून तर काहीच उरणार नाही.

मग ती टोपी आली. यंत्रवाली चुणचुणीत, बोलायला गोड. तिनं मला समजावलं होतं, अगदी पहिल्याच दिवशी, मीच नीट ऐकलं नव्हतं. "काकू, काकांच्या मेंदूतून जे निघतं ना, ते अर्धवट असतं. तुकडे. कोणाबद्दल आहे, होकार आहे की नकार, चिडलेत की खूश आहेत, एवढं अंधुक कळतं. पुढचं वाक्य यंत्र जुळवतं." मी विचारलं, "कशावरून जुळवतं?" ती म्हणाली, "त्यांच्याच भाषेवरून. म्हणून तर आम्हाला त्यांचे जुने मेसेज हवेत. जितके जास्त तितकं ते जास्त काकांसारखं बोलेल." आणि मी, शहाणी, उठले आणि ह्यांचा फोन तिच्या हातात दिला. आनंदानं दिला. त्यातलं एकूण एक अक्षर मी लिहिलेलं आहे हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. खरंच नाही आलं. ह्यांचा फोन म्हणजे ह्यांचे मेसेज, एवढंच. स्वतःच्या हातचं जेवण रोज जेवताना कोण म्हणतं की हे मी केलंय? आवाज मात्र ह्यांचा होता, शंभर टक्के. ह्यांच्याकडं गाडी शिकणाऱ्या एका शिष्यानं गाडीत रेकॉर्डिंग केलं होतं, त्यावरून घेतला. त्या रेकॉर्डिंगमध्ये हे सबंध वेळ एवढंच बोलतात: "हळू. आरसा बघा. हळू हो. घाई कुणाला आहे? थांबा. पुन्हा." यंत्रवाली म्हणाली, आवाजाला पुरेसं आहे, पण भाषेला ह्याचा काही उपयोग नाही.

ह्यांची गाडी शिकवण्याची शाळा होती. शाळा म्हणजे एक गाडी, छतावर पाटी, आणि घराखालच्या खोलीत एक टेबल, ज्याच्यामागं मी. शिष्यांना वेळा देणं, बदलणं, कुणी आलं नाही तर गोड शब्दांत झापणं, सगळं ह्यांच्या फोनवरून माझ्याकडं. ह्यांना लिहायचा तिटकारा. बोटं जाडी, एक अक्षर दाबायला जावं तर तीन दाबली जायची. "तूच लिही," म्हणायचे, "मला काय म्हणायचंय तुला ठाऊक आहे." आणि मला ठाऊक असायचं. असं मला वाटायचं. छबी शिकायला दुसऱ्या शहरात गेली, मग नोकरी, मग लग्न, आणि तिला बाबांचे मेसेज जायचे ते माझ्या हातचे. लपवाछपवी काही नव्हती हो. हे शेजारी पेपर वाचत बसलेले असायचे. मी विचारायचे, "छबीला काय लिहू?" तर म्हणायचे, "लिही काहीतरी." मी लिहायचे आणि वाचून दाखवायचे. हे "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये किती होतं आणि किती नव्हतं, हे मी कधी मोजलं नाही. आता मोजायला बसले आहे आणि हाताला काही लागत नाही. बाकावर बसल्या बसल्या मला वाटलं, ह्या मुलीनं काय नवीन आणलंय? ह्यांचं "हं" घ्यायचं आणि त्याचं वाक्य करायचं, हे यंत्र तर आमच्या घरात आधीपासून होतं. फक्त त्याला चहा लागायचा.

आणि मीसुद्धा मुळात ह्यांची शिष्याच. लग्नाआधी गाडी शिकायला गेले होते, घरच्यांशी भांडून. पहिल्या दिवशी ह्यांनी शेजारच्या सीटच्या पायाशी असलेली पट्टी दाखवली. "इथं अजून एक ब्रेक आहे. माझ्या पायाखाली. तुम्ही घाबरू नका." बाकीचे मास्तर उजव्या पायानं दाबतात, ह्यांचा उजवा गुडघा कुरकुरणारा, म्हणून डावा पाय कायम त्या ब्रेकवर अलगद ठेवलेला. शिकवायची रीतही ह्यांची वेगळी. बाकीचे मास्तर करकचून ब्रेक मारतात आणि शिष्याचा पाणउतारा करतात. हे असा दाबायचे की शिष्याला वाटावं आपणच दाबला. "तसं वाटलं नाही तर तो आयुष्यात शिकायचा नाही," असं ह्यांचं म्हणणं. गाडी थांबली की डाव्या हाताची दोन बोटं डॅशबोर्डवर टक टक वाजवायची. टक टक म्हणजे पुन्हा. एकदा चढावर माझी गाडी मागं घसरायला लागली, मागं एक म्हातारा हातगाडी ढकलत येत होता, मी डोळे मिटून पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. म्हातारा शिव्या देत बाजूनं निघून गेला. टक टक. मी विचारलं, "ब्रेक मी मारला की तुम्ही?" हे नुसते हसले. पुढं लग्न झालं, छबी झाली, छबीचं लग्न झालं आणि मोडलं, आणि अधूनमधून, चांगल्या मूडमध्ये असले की मी विचारायचे, "सांगा ना हो, त्या दिवशी ब्रेक कुणी मारला?" हे हसायचे. मेले, कधी सांगितलं नाही. मी चांगली गाडी चालवते, पण हे शेजारी बसले की मला कधीच खात्री नसायची की मीच चालवतेय.

टोपी फक्त चाचणीपुरती. ती परत जाणार, कारण अशा टोप्या म्हणे बाहेरून ऐकतात आणि भिंतीपलीकडचं बोलणं ऐकल्यासारखं त्यांना नीट ऐकू येत नाही. पुढची पायरी म्हणजे कवटी उघडून आत चकती बसवायची, कायमची. मग हे भराभर बोलतील. टोपीनं तुकडे दिले तर चकती ओळीच्या ओळी देईल, आणि राहिलेलं यंत्र जास्त सफाईनं जुळवेल. धोका आहे, ह्या वयात तर आहेच. म्हणून समिती बसते आणि आधी रुग्णाचा होकार घेतात. यंत्रवालीनं कॅमेरा लावून ह्यांना विचारलं होतं, मी तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते. ती चित्रफीत तिनं मला त्या दिवशी व्हरांड्यात दाखवली, माझा चेहरा बघून, धीर द्यायला. "काका, ऑपरेशन करायचं का?" हे कॅमेऱ्याकडं बघतायत. डोळे ह्यांचेच, थोडे त्रासलेले. थोडा वेळ काहीच नाही. मग आवाज: "हो, करून टाका. उगाच लांबण नको." यंत्रवाली म्हणाली, "किती ठाम आहेत बघा काका!" मला हसू फुटलं आणि तिला ते आवडलं. उगाच लांबण नको! परीक्षेची तारीख पुढं ढकला म्हणणाऱ्या प्रत्येक शिष्याला मी हेच पाठवायचे. हे तर उलट सांगायचे, घाई कुणाला आहे? म्हणजे ह्यांच्या डोक्याला भोक पाडायचा होकार मीच देऊन बसले होते, औषधांच्या रांगेत उभी असताना. मी विचारलं, "बाळ, ह्यातलं ह्यांचं किती आणि यंत्राचं किती?" ती प्रामाणिक आहे, तिला नावं ठेवणार नाही. म्हणाली, "थोडं त्यांचं, थोडं यंत्राचं. शिवण नेमकी कुठं आहे ते आम्हालाही दिसत नाही, काकू." मग म्हणाली, "पण आपण बोलतो तेव्हा तरी कुठं दिसते?" मला तिचा राग आला. तिला हे बोलायला काय जातं? तिच्या घरी कुणी झोपलंय का असं?

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं की फोन माझ्या हातचा आहे. जीभ उचलली होती. पण सांगितलं की काय होणार? समिती म्हणणार, होकार बाद, यंत्र चुकीचं शिकलंय, टोपी उचला. आणि आत हे असतील तर? आत बसून, माझ्या शब्दांच्या आधारानं का होईना, पहिल्यांदा कुणाला तरी "हो" म्हणत असतील तर? माझ्या हातचं जेवून जगले, तसे माझे शब्द घेऊन बोलत असतील तर त्यात बिघडलं कुठं? असं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, आणि आत "नको, नको" म्हणत असतील तर? आणि प्रत्येक "नको"वर मी माझं गोडसं वाक्य पांघरत असेन तर? मी खोलीत परत गेले. छबी चहाला गेली होती. टोपी अजून डोक्यावर होती. मी दार लोटलं, ह्यांच्याजवळ वाकले आणि जे कुठल्याच मेसेजमध्ये नाही ते विचारलं. "अहो, त्या चढावर ब्रेक कुणी मारला?" हे माझ्याकडं बघत राहिले. नळ ठिबकत होता. मग आवाज आला: "तूच मारलास. मी नुसता बसलो होतो."

काय सांगू! इतकी वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते ऐकलं आणि अंगावर काटा आला, आनंदाचा की भीतीचा कोण जाणे. खरं म्हणजे मला खूप आनंद झाला. मी ह्यांचा हात धरला, गालाला लावला. आणि मग गालाला हात तसाच असताना वाटलं, हे फार गोड आहे. हे इतके गोड नव्हते. मला जर कुणी म्हणालं असतं की तुझ्या नवऱ्याच्या नावानं ह्या प्रश्नाचं उत्तर लिही, तर मी अगदी हेच लिहिलं असतं, शब्दन् शब्द. मग हे उत्तर आलं कुठून? ह्यांच्या डोळ्यांत बघितलं. डोळे माझ्यावर होते, ओले होते. पण झटक्यापासून उजवा डोळा तसाही पाझरतो. मी रुमालानं पुसला.

संध्याकाळी घरी छबी जेवता जेवता नुसतं बाबा, बाबा करत होती. तिचं लग्न मोडलं तेव्हाची गोष्ट तिनं काढली. त्या घरातून बॅग घेऊन निघाली होती आणि स्टेशनवर तशीच बसून राहिली होती, कुठं जावं कळेना. "आई, तुला सांगितलं नाही कधी, पण माझ्या मनात त्या दिवशी फार वाईट विचार येत होते. आणि तेवढ्यात बाबांचा मेसेज. अजून आहे माझ्याकडं. 'परत ये. खोली तशीच आहे. कुणी काही विचारणार नाही.' तू तर तेव्हा ओरडत होतीस माझ्यावर फोनवर. बाबांनी वाचवलं मला." मी घास गिळला. मी ओरडत होते हे खरं. फोन आपटला हेही खरं. आणि मग ह्यांचा फोन उचलून ते मीच लिहिलं हेही खरं. माझ्या फोनवरून मला ते लिहिता आलं नसतं, माझा राग आडवा आला असता. ह्यांच्या नावानं लिहायला बसले की मी जरा बरी बाई व्हायचे. पण एक गोष्ट होती. मी फोन आपटून जिन्यात आले तेव्हा हे छबीच्या खोलीत स्टुलावर उभे होते. खिडकीची तुटकी कडी बदलत होते. ती कडी दोन पावसाळे तशीच होती. मी विचारलं, "हे काय काढलंत आज?" हे म्हणाले, "वारा येतो." बस, एवढंच. मी ते बघितलं आणि खाली येऊन लिहिलं, खोली तशीच आहे. मग ते वाक्य कुणाचं? वाक्य माझं, कडी ह्यांची. छबीला वाचवलं कुणी? मी म्हटलं, "छबी, त्या मेसेजबद्दल... म्हणजे बाबा लिहायचे ते सगळं..." ती थांबली. मग म्हणाली, "आई, तुला हेवा वाटतोय का? ते माझ्याशी बोलले म्हणून?" मी उठून ताटं उचलली. मला खरंच हेवा वाटत होता, स्वतःचाच, आणि हे कुणाला समजावता येण्यासारखं नव्हतं.

समिती बसायची होती त्याच्या आदल्या दुपारी मी ह्यांची गाडी घेऊन हॉस्पिटलात गेले. छतावरची पाटी उतरवली होती, शेजारचा ब्रेक तसाच होता. डॉक्टरांना सांगितलं, ह्यांना जरा बाहेरची हवा दाखवते, आवारातल्या आवारात. टोपी काढलेली होती. वॉर्डातल्या मामांनी ह्यांना उचलून शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, डावा पाय मी माझ्या हातानं पट्टीवर ठेवला. पायाला काही कळलं असं दिसलं नाही. छबी मागं बसली. "कुठं जायचंय आई?" "कुठं नाही." हॉस्पिटलच्या मागं, जिथं चादरी वाळत घालतात, तिथं एक लांब उतार आहे आणि खाली भिंतीला जुनी टायरं लावलेली आहेत. मी गाडी उताराच्या तोंडाशी आणली. मनात काय होतं? धड काहीच नव्हतं. एवढंच की डॉक्टर म्हणाले होते, सांगून होणार नाही, आपसूक होईल. मग म्हटलं आपसूक तर आपसूक. जे कुणी जुळवलेलं नाही, मी नाही, यंत्रानं नाही, असं ह्यांचं एक काहीतरी मला बघायचं होतं. इतकी वर्षं संसार करून एक. मी इंजिन बंद केलं, गियर काढला, ब्रेक सोडला, आणि दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घालून बसले. एक हात स्टिअरिंगवर, एक हँडब्रेकवर. ओढला मात्र नाही.

गाडी आधी हलेचना. मग हलली. चादरी बाजूनं मागं जायला लागल्या. "आई, पाय! आई, काय करतेयस!" छबी मागून ओरडायला लागली. मी ह्यांच्याकडं बघितलं नाही, समोर बघत होते, टायरांवर कुणीतरी पांढरा रंग मारला होता तो आता चांगला दिसायला लागला होता. छबीनं माझा खांदा धरला. मला वाटलं, नाहीच. आत कुणी नाही. इतके दिवस मी माझ्याशीच बोलतेय. आणि मला इतकं एकटं वाटलं की हात ओढायचंही सुचेना. मग गाडी थांबली. करकचून नाही. अलगद, जशी थांबायला हवी तशी, शेवटचा धक्काही न देता. टायरं हातभर लांब होती. कुठंतरी चादर फडफडत होती. छबी म्हणाली, "कुणी थांबवली?" मी माझ्या मांडीकडं बोट दाखवलं. दोघींनी वाकून बघितलं. ह्यांचा डावा पाय पट्टीवर दाबलेला होता, घोट्याची शीर ताणलेली. हे समोर बघत होते, चेहरा शिकवताना असायचा तसाच, कंटाळलेला आणि सावध.

छबीनं पुढं वाकून ह्यांच्या गळ्यात हात टाकले. मी म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. "छबी, बाबांच्या फोनवरून सगळं मी लिहायचे. काळजी करायला तुझी आई आहे, ते माझं. परत ये, तेही माझं. बाबांनी त्यातलं काही लिहिलेलं नाही. ते यंत्र माझं शिकलंय. ऑपरेशनचा तो होकारही माझाच आहे, आणि तो मी उद्या समितीपुढं परत घेणार आहे." बोलून झाल्यावर मला तोंड लपवावंसं वाटलं. छबीचे हात ह्यांच्या गळ्यातून हळूहळू सुटले. ती मागं टेकून बसली. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, आणि ती माझी लेक नसून कुणी परकी बाई असावी असं ती माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "खोली तशीच आहे, तेसुद्धा?" "ते लिहिलं मी. पण मी लिहिलं तेव्हा बाबा तुझ्या खिडकीला कडी बसवत होते. मला काही बोलले नाहीत. वारा येतो म्हणाले." छबी रडेल असं वाटलं, पण रडली नाही. म्हणाली, "मग टोपी नेतील ना परत? बाबा पुन्हा मुके?" मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. मी सांगणार, ह्यांना पुन्हा विचारा. माझे शब्द काढून विचारा. हवं तर गाडीत बसवून विचारा." माझं मलाच ते वेड्यासारखं वाटलं. समिती हसेल. डॉक्टर म्हणतील, भिंत आली की पाय दाबायचा ही सवय आहे मॅडम, त्यात इच्छा कुठं आली? मी ह्यांना विचारलं तरी काय होतं? ऑपरेशन हवं की नको? ते तर विचारलंच नव्हतं. मी नुसती गाडी सोडून दिली होती.

गाडीत गरम व्हायला लागलं होतं. ह्यांचा पाय अजून पट्टीवरच होता, मी सांगितल्याशिवाय दाबलेला. मग ह्यांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला, डॅशबोर्डपर्यंत गेला, आणि दोन बोटं वाजली. टक टक. "पुन्हा," मी म्हणाले, आणि त्याच क्षणी मागून छबीही म्हणाली, "पुन्हा." आम्ही आरशात एकमेकींकडं बघितलं. ह्यांची बोटं नुसती वाजली होती. शब्द आम्ही घातला होता. मी मांडी सोडली, पाय खाली घेतले, इंजिन सुरू केलं आणि गाडी मागं घ्यायला लागले.